हरळीची मुळी आणि वीस ग्रॅमचा उंदीर

मुंबईतल्या वाकोल्यात उंदरांना तोटा नाही. रात्री अकरानंतर नाल्याच्या कडेनं चालत गेलं तर हातभर घूस आडवी जाते आणि मांजरच तिला वाट देतं. महापालिकेचे मूषकसंहारक काठी आणि बॅटरी घेऊन रात्रपाळीला निघतात ते उगाच नाही. त्यामुळे फेब्रुवारी २०२४ मध्ये शेजारच्या काकूंनी मला जिन्यात गाठून विचारलं, ‘‘अगं, ती उंदरांची गोळी आलीय म्हणे शंभर रुपयांना. आपल्याकडे कुठे मिळेल?’’ तेव्हा मी सरळ कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाकडे बोट दाखवलं. काकू माझ्याकडे बघतच राहिल्या.

‘‘अगं, उंदीर मारायची नव्हे. टाटाची. कॅन्सर उलटू नये म्हणून.’’

काकूंच्या डाव्या स्तनातली गाठ चार वर्षांपूर्वी परळच्या टाटा रुग्णालयात काढली. मग केमो झाली, लाईट (म्हणजे किरणांचा शेक) झाली आणि आता रोज रात्री जेवणानंतर एक छोटी पांढरी गोळी असते. तपासणीची तारीख आली की सांताक्रूझहून धीमी लोकल, प्रभादेवीला उतरून पूल ओलांडायचा आणि डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मार्ग. (हे बोर्जेस टाटा रुग्णालयातच कॅन्सरच्या शस्त्रक्रिया करत. मुंबईत रस्त्याला नाव मिळालेल्या माणसाचा त्या रस्त्यावरच्या कामाशी इतका जवळचा संबंध क्वचितच असतो.) गाठ गेली, जखम भरली, केस परत आले. भीती तेवढी उरली. आपल्याकडे ताप उलटतो, टायफॉइड उलटतो, तसा कॅन्सरही उलटतो. दारापर्यंत पोचवून आलेला पाहुणा फाटकातून परत फिरावा तसा.

काकूंनी ऐकलेली बातमी खरी होती, पण अर्धी. टाटा स्मारक केंद्राचे ज्येष्ठ शल्यचिकित्सक डॉ. राजेंद्र बडवे यांनी एका वाहिनीला सांगितलं होतं की, दहा वर्षांच्या संशोधनातून एक गोळी तयार झाली आहे. उपचारांचे दुष्परिणाम ती निम्म्यावर आणते, आजार परत येण्याला सुमारे ३० टक्के आळा घालते, किंमत १०० रुपये असेल आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मंजुरीची वाट आहे. त्याच मुलाखतीत आणखी एक गोष्ट त्यांनी स्पष्ट सांगितली होती. दुष्परिणामांची चाचणी उंदरांवर आणि माणसांवर, दोन्हींवर झाली आहे. आजार परत येणं रोखण्याची चाचणी मात्र फक्त उंदरांवर झाली आहे आणि माणसांवरची पूर्ण व्हायला पाचेक वर्षं लागतील. बातमी मोबाइलवरून मोबाइलवर सरकत वाकोल्यापर्यंत आली तेव्हा हे वाक्य वाटेत कुठेतरी गळलं होतं.

या प्रकरणात त्या गळलेल्या वाक्याचा माग काढायचा आहे. गाठ कापून काढल्यावर औषध कशाला लागतं, ते आधी उंदराला का देतात आणि उंदरानं दिलेल्या उत्तरावर किती भरवसा ठेवायचा, हे पाहायचं आहे. आधी भाषेचा एक घोळ निस्तरू. मराठीत ‘उंदीर’ म्हटलं की इंग्रजीतले माऊस आणि रॅट दोन्ही आले. प्रयोगशाळेत हे दोन वेगळे प्राणी आहेत. माऊस २० ते ३० ग्रॅमचा, म्हणजे चार-पाच सुपाऱ्यांएवढ्या वजनाचा. रॅट त्याच्या दहापट. इथून पुढे उंदीर म्हणजे माऊस. रॅट आला की रॅटच म्हणेन.

शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला कॅन्सरचं उलटणं समजावून सांगावं लागत नाही. हरळी त्याला ठाऊक असते. वरचं गवत खुरप्यानं स्वच्छ काढलं, रान नुसतं ताटासारखं दिसलं, तरी मुळीचा बोटभर तुकडा मातीत राहिला की पहिल्या पावसानंतर ती पुन्हा हजर. सर्जनच्या हातात खुरपं आहे. त्याला दिसतं ते तो काढतो आणि हल्ली फार सफाईनं काढतो. पण एक सेंटिमीटरच्या, म्हणजे हरभऱ्यापेक्षा थोड्या मोठ्या गाठीत साधारण १०० कोटी पेशी असतात असा ढोबळ हिशेब आहे. निदान होईपर्यंत त्यातल्या काही रक्तात उतरून फुप्फुसात, हाडात, यकृतात जाऊन बसलेल्या असू शकतात. हजार-दोन हजार पेशींचा पुंजका कुठल्याही स्कॅनमध्ये दिसत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सर्जन मंडळींचा यावरचा उपाय म्हणजे आणखी मोठं खुरपं. छातीचे स्नायूसुद्धा काढायचे, काखेतलं सगळं खरवडायचं. तरी आजार उलटायचाच, कारण मुळी त्या वाफ्यात नव्हतीच.

शस्त्रक्रियेनंतर, डोळ्यांना काहीही दिसत नसताना, जे औषध देतात ते या न दिसणाऱ्या मुळीसाठी. डॉक्टर त्याला पूरक उपचार म्हणतात. यातली अडचण पहिल्याच पायरीला उभी राहते. जे दिसत नाही ते मेलं की नाही, हे कळायचं कसं? गाठ असलेल्या रुग्णाला औषध दिलं तर ती आक्रसते का, हे मोजपट्टीनं बघता येतं. गाठ काढलेल्या रुग्णात मोजायला काहीच नसतं. नुसती वाट बघायची, पाच वर्षं, दहा वर्षं. आणि जिला आजार परत आला नाही, तिला तो औषधामुळे आला नाही की मुळातच येणार नव्हता, हे एकटीकडे बघून कधीच सांगता येत नाही.

इथं उंदीर कामाला येतो. त्याची मादी तीन आठवड्यांत विते, तो स्वतः जेमतेम दोन वर्षं जगतो. सख्ख्या भावंडांचा संकर सलग वीस पिढ्या केला की तयार होणाऱ्या वाणातले सगळे उंदीर जवळजवळ जुळी भावंडंच होतात, म्हणून एकाची गाठ दुसऱ्याच्या अंगात घातली तरी शरीर ती परकी म्हणून फेकून देत नाही. आणि त्याच्या अंगात पेशी आपण घालतो. किती घातल्या हे ठाऊक असतं, म्हणून किती उरल्या याचा हिशेब मांडता येतो.

हा हिशेब पहिल्यांदा नीट मांडला तो अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या हॉवर्ड स्किपर यांनी. १९६०च्या दशकात ते उंदरांच्या रक्ताच्या कॅन्सरवर काम करत होते. त्या पेशी अर्ध्या दिवसात दुप्पट होत. त्यांतली एक, अक्षरशः एक पेशी टोचली तरी उंदीर दगावू शकतो, हे त्यांनी दाखवलं. दुसरी गोष्ट त्याहून उपयोगाची निघाली. औषधाचा एक डोस ठरावीक संख्येनं पेशी मारत नाही, ठरावीक प्रमाणात मारतो. समजा डोस हजारातल्या ९९९ पेशी मारतो. १०० कोटी असतील तर १० लाख उरतील, पुन्हा दिला तर हजार, पुन्हा दिला तर एक. तीन डोसांत अब्जावरून एकावर आलो, पण ती एक उरलीच. सुरुवातच हजारापासून केली असती तर? म्हणजे औषध गाठ मोठी असताना जेवढं हरतं, तेवढंच ते मुळी बारीक असताना जिंकू शकतं. मोठ्या गाठीवर निकामी ठरलेलं औषध शस्त्रक्रियेनंतर कामाचं ठरू शकतं, ही गोष्ट गणितानं सिद्ध होण्याआधी उंदरांनी दाखवलीही होती. १९५७ मध्ये शपिरो आणि फुगमन या दोघांनी स्तनाच्या गाठी असलेल्या उंदरांत नुसतं औषध, नुसती शस्त्रक्रिया आणि दोन्ही मिळून अशी तुलना केली. दोन्ही मिळून वाचलेल्या उंदरांची संख्या एकेकट्या उपायापेक्षा जास्त होती.

असा प्रयोग आज कसा होतो ते जरा सावकाश पाहू, कारण बातमीत तो एका ओळीत उरकलेला असतो. स्तनाच्या कॅन्सरसाठी फार वापरल्या जाणाऱ्या पेशींचं नाव फोर-टी-वन. त्या मूळच्या पांढऱ्या बाल्ब-सी वाणाच्या उंदरिणीच्या. या पेशी तशाच वाणाच्या मादीच्या स्तनाजवळच्या चरबीत टोचतात. दोन-एक आठवड्यांत तिथं वाटाण्याएवढी गाठ होते आणि तोवर काही पेशी फुप्फुसाकडे निघालेल्या असतात. मग शस्त्रक्रिया. भूल श्वासातून देतात. उंदराचं अंग एवढं लहान की भुलेत ते भराभर थंड पडतं, म्हणून खाली उबदार गादी. बारीक कात्रीनं गाठ काढून दोन-चार क्लिपा किंवा टाके, वेदनाशामक, आणि उंदीर शुद्धीवर येऊन आंघोळ घातल्यासारखा स्वतःला चाटेपर्यंत कोणीतरी समोर बसून राहतं. आता चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडायचे. चिठ्ठ्या शस्त्रक्रिया झाल्यावर टाकणं चांगलं, म्हणजे ज्याला औषध मिळणार त्याची गाठ नकळत जास्त काळजीनं काढली गेली, असा संशय राहत नाही. एका गटाला औषध, दुसऱ्याला नुसतंच द्रावण, आणि मोजणाऱ्याला कोणता पिंजरा कशाचा हे माहीत नसलेलं बरं.

शेवटी मोजायचं काय? फुप्फुसात कॅन्सर पसरला का. इथं फोर-टी-वनची एक खुबी आहे. या पेशी एका विशिष्ट विषाला दाद देत नाहीत, उंदराच्या स्वतःच्या पेशी मात्र त्यात मरतात. म्हणून फुप्फुसं बारीक करून ते विष घातलेल्या द्रवात वाढवली की जगतील त्या फक्त कॅन्सरच्या. त्यांचे ठिपके बशीत मोजायचे, मुलांनी गोट्या मोजाव्यात तसे. दुसरी तऱ्हा अधिक देखणी आहे. पेशींत काजव्याचं चकाकणारं प्रथिन बसवतात, मग जिवंत उंदराला अंधाऱ्या पेटीत ठेवून कॅमेऱ्यानं बघितलं की कुठे मुळी फुटली ते दिव्यासारखं दिसतं. उंदीर फार वजन गमावू लागला, सुस्त पडला, की प्रयोग पुरा व्हायची वाट न बघता त्याला वेदनेविना संपवणं बंधनकारक असतं. भारतात यासाठी प्रत्येक संस्थेची प्राणी-नीती समिती असते आणि तिच्या मंजुरीशिवाय एका उंदरालाही हात लावता येत नाही.

या प्रयोगांनी शस्त्रक्रियेबद्दलच एक अवघड गोष्ट उघडी केली. पिट्सबर्गचे सर्जन बर्नार्ड फिशर यांच्या गटानं १९७९ मध्ये अंगात दोन जागी गाठी असलेल्या उंदरांची एक गाठ काढली. चोवीस तासांच्या आत दुसऱ्या गाठीत विभाजनाला लागलेल्या पेशींचं प्रमाण वाढलं. १९९४ मध्ये बॉस्टनला ज्युडा फोकमन आणि मायकेल ओरायली यांनी आणखी पुढचं पाहिलं. उंदराच्या पाठीवर मोठी गाठ असेपर्यंत फुप्फुसातले बारीक पुंजके निपचित पडून राहत, गाठ काढली की ते फोफावत. मोठी गाठच रक्तात एक पदार्थ सोडून धाकट्यांना दाबून ठेवत होती. वटवृक्षाखाली काही उगवत नाही तसं. त्यांनी तो पदार्थ त्या उंदरांच्या लघवीतून वेगळा काढला, अँजिओस्टॅटिन हे नाव दिलं आणि शस्त्रक्रियेनंतर उंदरांना टोचला. फुप्फुसं स्वच्छ राहिली.

२०१८ चा प्रयोग मला या सगळ्यांत जास्त अस्वस्थ करतो. रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत उंदरांच्या अंगात कॅन्सरच्या पेशी अशा ठेवल्या होत्या की प्रतिकारशक्ती त्यांना दाबून ठेवेल. मग गाठीला हात न लावता भलत्याच जागी नुसती जखम केली. जखम भरताना शरीरभर जी सूज-जळजळ उसळते, तिनं प्रतिकारशक्तीचा हात सैल पडला आणि दाबलेल्या पेशी वाढू लागल्या. जखमेच्या वेळी मेलॉक्सिकॅम दिल्यावर हा परिणाम बराच कमी झाला. मेलॉक्सिकॅम म्हणजे साधं वेदनाशामक, औषधाच्या दुकानात गुडघेदुखीवर मिळणारं. आता मघाच्या उंदराच्या शस्त्रक्रियेतला तो वेदनाशामकाचा उल्लेख आठवा. उंदराला दुखू नये म्हणून दयेपोटी दिलेलं औषधच प्रयोगाचा निकाल फिरवू शकतं. ते कोणतं होतं, दोन्ही गटांना दिलं का, हे न लिहिलेल्या शोधनिबंधावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

यावरून गाठ काढूच नये असा अर्थ कोणी काढू नये. शस्त्रक्रियेनं आजवर वाचवलेल्या माणसांची गणती नाही. अर्थ एवढाच की शस्त्रक्रियेच्या आगेमागेचे काही दिवस फार मोलाचे असतात. आणि नेमक्या या दिवसांवर परळमध्ये काम झालं आहे.

परळचं आणि उंदराचं नातं जुनं आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा रस्त्यावरच्या रॅटनं शहर उठवलं आणि त्याच प्लेगमधून परळची हाफकिन संस्था उभी राहिली. टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं. त्याच्या शेजारी डॉ. वसंत खानोलकर यांच्या नेतृत्वाखाली कॅन्सर संशोधन केंद्र आलं आणि तिथं उंदरांची खोली सांभाळली ती डॉ. कमल रणदिवे यांनी. पुण्यात १९१७ मध्ये जन्म, फर्ग्युसनमध्ये शिक्षण, मग शेती महाविद्यालयात सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या गुणसूत्रांवर प्रबंध. सीताफळावरून त्या कॅन्सरकडे आल्या, १९४९ मध्ये डॉक्टरेट घेतली, अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्याकडे पेशी काचेत वाढवायला शिकल्या आणि परत येऊन मुंबईत तशी प्रयोगशाळा उभारली. उंदराचं कोणतं वाण स्तनाच्या कॅन्सरला बळी पडतं, संप्रेरकांचा त्यात हात किती, आईच्या दुधातून पिलाला जाणाऱ्या विषाणूचा किती, यावर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. खोलीभर उंदरांच्या वंशावळ्या वह्यांत लिहून ठेवणारी बाई आपल्याकडे घराघरांत ठाऊक असायला हवी होती. त्यांचं नाव बहुतेकांच्या कानावर पडलं ते २०२१ मध्ये गूगलनं त्यांचं चित्र लावलं तेव्हा.

आता धागा बघा कसा जातो. १९८८ मध्ये अमेरिकेत विल्यम ऱ्हुशेस्की आणि सहकाऱ्यांनी उंदरिणींच्या स्तनांच्या गाठी काढल्या आणि त्यांच्या ऋतुचक्राचा दिवस टिपून ठेवला. चक्राच्या कोणत्या टप्प्यावर गाठ काढली, यावर किती उंदरिणी बऱ्या झाल्या हे बदलत होतं. मग प्रश्न आला, बायकांचं काय? त्या वेळी लंडनच्या गाइज रुग्णालयात असलेल्या बडवे यांनी पाळी चालू असलेल्या २४९ स्त्रियांच्या जुन्या नोंदी काढल्या. १९९१ मध्ये त्यांनी जाहीर केलं की चक्राच्या विशिष्ट दिवसांत शस्त्रक्रिया झालेल्यांत दहा वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण ५४ टक्के होतं, इतर दिवसांतल्यांत ८४ टक्के. फरक थक्क करणारा होता. पुढे इतरांनी केलेल्या काही अभ्यासांत तो दिसलाच नाही.

इथं एखादा माणूस एक तर हटून बसला असता किंवा विषय सोडून दिला असता. बडवे परळला आले आणि १९९७ पासून त्यांनी चाचणी सुरू केली. चक्राच्या उत्तरार्धात अंगात प्रोजेस्टेरॉन जास्त असतं, तर शस्त्रक्रियेच्या पाच ते चौदा दिवस आधी त्याचं एकच इंजेक्शन देऊन बघू. हजार स्त्रिया, चिठ्ठ्या टाकून दोन गट. निकाल २०११ मध्ये आला. सगळ्यांचा एकत्र हिशेब केला तर फरक खात्रीलायक नव्हता. काखेतल्या गाठींपर्यंत आजार गेलेल्या स्त्रियांत मात्र पाच वर्षं आजाराविना राहणाऱ्या ६५.३ टक्के निघाल्या, इंजेक्शन न घेतलेल्यांत ५४.७ टक्के. उंदरिणीपासून इथपर्यंत यायला तेवीस वर्षं लागली आणि हाती आलं ते अर्धं उत्तर. तरीही मला हे काम शंभर रुपयांच्या गोळीच्या बातमीपेक्षा मोठं वाटतं, कारण त्यात ‘नाही’ हे उत्तरही छापून ठेवलं आहे.

त्यानंतरचा निकाल अधिक ठसठशीत होता. भारतातल्या ११ रुग्णालयांत १,६०० स्त्रियांच्या चाचणीत निम्म्या जणींना गाठ काढण्यापूर्वी सात ते दहा मिनिटं गाठीभोवती लिडोकेन टोचलं. दाताचे डॉक्टर हिरडी बधिर करायला वापरतात ते हेच. गाठ हाताळली जाताना पेशींना सुटून पळायला लागणारे विद्युतसंकेत यानं बंद होतात, अशी कल्पना. २०२३ मध्ये छापलेल्या निकालात पाच वर्षं जिवंत असलेल्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. खर्च नगण्य.

आता पुन्हा शस्त्रक्रियेनंतरच्या औषधांकडे वळू. जगात पूरक केमोची पक्की सुरुवात मिलानच्या जानी बोनादोना यांच्यापासून धरतात. १९७६ मध्ये त्यांनी दाखवलं की, शस्त्रक्रियेनंतर तीन औषधांची केमो घेतलेल्या २०७ स्त्रियांत सव्वादोन वर्षांत ५.३ टक्के जणींचा आजार उलटला, न घेतलेल्या १७९ जणींत २४ टक्के. स्किपरांच्या उंदरांचं गणित माणसात खरं ठरलं होतं.

मग उंदीर फसवतो कुठे? एक तर काळात. संप्रेरकांवर पोसला जाणारा स्तनाचा कॅन्सर पाच, दहा, पंधरा, वीस वर्षांनीही उलटतो. उंदराचं अख्खं आयुष्य दोन वर्षांचं, प्रयोग काही आठवड्यांचा. वीस वर्षं झोपून राहिलेली मुळी त्यात कशी दिसणार? दुसरं, माणसाच्या पेशी उंदराच्या अंगात वाढवायच्या तर ज्याला प्रतिकारशक्तीच जेमतेम आहे असा उंदीर लागतो. ग्लासगोत १९६२ मध्ये सापडलेल्या केसविरहित उंदराच्या छातीत थायमस ग्रंथीच नीट बनत नाही असं पुढे कळलं, आणि १९६९ पासून त्याच्यात माणसाच्या गाठी वाढवू लागले. पण आपल्या अंगात ज्या पहारेकऱ्यांमुळे मुळी दबून राहते, ते पहारेकरीच तिथं नसतात. तिसरं, बातमीत. मे १९९८ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर फोकमन यांच्या उंदरांची बातमी आली आणि सोमवारी औषध करणाऱ्या कंपनीचा शेअर काही तासांत कित्येक पटींनी उसळला. फोकमन स्वतः सांगत होते की हे सगळं उंदरांपुरतं आहे. अँजिओस्टॅटिन काय किंवा त्याचा धाकटा भाऊ एंडोस्टॅटिन काय, अमेरिकेत रुग्णांसाठी औषध म्हणून मंजूर झालं नाही.

आणि तरीही काकू रोज रात्री घेतात ती गोळी याच वाटेनं आली आहे. ती टॅमॉक्सिफेन. क्रेग जॉर्डन यांनी १९७०च्या दशकात रॅटना कॅन्सर करणारं रसायन देऊन नंतर टॅमॉक्सिफेन दिलं. थोडे दिवस दिलं तर गाठी उशिरा आल्या, पण आल्या. सलग कित्येक महिने दिलं तेव्हा बहुतेक रॅट गाठींविना राहिले. गोळी पाच वर्षं घ्यायची या कल्पनेचं मूळ तिथं आहे. १९८८ मध्ये त्यांच्याच गटानं एका केसविरहित उंदराच्या एका बाजूला माणसाच्या स्तनाची आणि दुसऱ्या बाजूला गर्भाशयाच्या अस्तराची गाठ लावली. टॅमॉक्सिफेननं पहिली थांबली आणि दुसरी वाढली. एकाच उंदरात औषधाचे दोन्ही चेहरे दिसले. म्हणूनच ही गोळी घेणाऱ्या बाईला पाळी गेल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला तर ताबडतोब कळवायला सांगतात. पाच वर्षांच्या टॅमॉक्सिफेननं संप्रेरकांवर पोसल्या जाणाऱ्या स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं घटतात, हे मात्र हजारो स्त्रियांवर तपासून झालेलं आहे.

राहता राहिली शंभर रुपयांची गोळी. तिच्यात द्राक्षात आणि शेंगदाण्यात सापडणारं रेस्व्हेराट्रॉल आणि किंचित तांबं असतं. टाटा केंद्रातल्या डॉ. इंद्रनील मित्रा यांची यामागची कल्पना हरळीहून वेगळी आहे. केमोनं, शेकानं, शस्त्रक्रियेनं मरणाऱ्या कॅन्सरपेशी फुटतात, त्यांच्या गुणसूत्रांचा चुरा रक्तात फिरतो आणि निरोगी पेशींत शिरून त्यांनाच बिघडवतो, असं ते म्हणतात. म्हणजे मुळीपेक्षा उपटलेल्या गवताचं बी जास्त घातक. रेस्व्हेराट्रॉल आणि तांबं एकत्र आलं की ऑक्सिजनचे आक्रमक कण तयार होतात आणि ते हा चुरा नष्ट करतात. कल्पना धाडसी आहे. जगात ती सर्वमान्य झालेली नाही, आणि धाडसी कल्पनेची परीक्षा जास्त कडक हवी. अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मंजुरी ही ती परीक्षा नव्हे. खाण्याचा पदार्थ सुरक्षित आहे की नाही एवढं ते बघतं. औषध आजार उलटू देत नाही, या दाव्याची छाननी करणं हे औषध नियंत्रकाचं काम आहे.

  त्या दिवशी जिन्यात मी काकूंना म्हटलं, ‘‘काकू, ती गोळी अजून उंदरांपाशीच आहे.’’

‘‘म्हणजे खोटं?’’

‘‘खोटं नाही. अजून तुमच्यासाठी नाही.’’

‘‘आणि माझी ही?’’ काकूंनी पर्समधून पट्टी काढून दाखवली. दहा गोळ्यांची ती अख्खी पट्टी शंभर रुपयांच्या आत येत होती. पाच वर्षं पुरी व्हायला त्यांचे चौदा महिने बाकी होते आणि नव्या गोळीच्या आशेनं त्यांनी आठवडाभर ही घेतलीच नव्हती.

वाचकांत अशी गोळी मध्येच थांबवलेलं कोणी असेल, किंवा द्राक्षाच्या अर्काच्या कॅप्सूल आणि तांब्याच्या गोळ्या मनानं सुरू केलेलं कोणी असेल, तर पुढच्या तपासणीला ती डबी पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.